जड पिस्तूल

शिलाई मशीनला तेल घातलं आणि त्या वासासरशी मला शहराबाहेरचा तो शूटिंग क्लब आठवला. क्लबसाठी टार्गेट पिस्तूल निवडायचं काम माझ्या नवऱ्याकडे, विनयकडे होतं. एसीच्या गारव्यात टेबलावर दोन पिस्तुलं मांडली होती. मला हलकं आवडलं. त्याने मोठं, पोलादी माझ्या हातात ठेवलं.

"मनगट दुखेल, पण वजन असलं की हात हलत नाही," तो म्हणाला. मग त्याने लहान गोळीची, पॉइंट बावीसची नळी आणि वरची सरकती स्लाइड उतरवली, मोठ्या गोळीची, पॉइंट बत्तीसची चढवली, गोळ्यांचं मॅगझिन बदललं. "मूठ तीच राहते, हाताला नव्याने शिकवावं लागत नाही. खलास." तेलकट बोटं त्याने माझ्या ओढणीला पुसली आणि मी रागावले.

आता दुबईच्या जेएलटी भागातल्या आमच्या घरात त्याचा तोच हात दिवसभर थरथरतो. डॉक्टर म्हणतात, हे वाढतच जाणार. काल त्याच्या चहासाठी मी बर दुबईहून जाड बुडाचा स्टीलचा मग आणला. त्याने तो दोन्ही हातांनी धरला, तरी चहा सांडलाच. मगाकडे बघत तो म्हणाला, "याहून जड काही आहे का घरात?"