पातेलं मोजणाऱ्या सिस्टर

शनिवार, १२ जानेवारी २००८. दुपारचे दोन. स्थळ: आमच्या अपार्टमेंटची बाहेरची खोली, स्टेट कॉलेज नावाचं गाव, अमेरिका. हजर: मी, खालच्या मजल्यावरची मंजिरी आणि तिची आठ महिन्यांची मुलगी, विद्यापीठात शिकणाऱ्या दोन मुली, ज्यांना चहाला म्हणून बोलावून कामाला लावलं होतं, आणि सिस्टर. गैरहजर: माझा नवरा. सिस्टर येणार म्हटल्यावर तो गाडीवरचं बर्फ काढायला गेला आणि आपलं संपल्यावर शेजाऱ्यांच्या गाड्यांवरचंही काढत बसला. जमिनीवर: एक पांढरी डबलबेडची चादर, कोरी.

अख्ख्या पेनसिल्व्हेनियात सिस्टरांइतकं योग्य कारणासाठी रागावणारं माणूस दुसरं नसेल, आणि इतकं सतत रागावणारं तर नाहीच नाही. मिरजेला नर्सिंग शिकलेल्या या बाई नवऱ्याच्या साखर कारखान्यातल्या नोकरीमुळे आफ्रिकेत मलावीला गेल्या, आणि तिथे अकरा वर्षं गावोगाव सायकलवरून फिरून बाळंतिणी, तान्ही मुलं आणि अंथरुणाला खिळलेली माणसं बघत राहिल्या. नवरा गेला, मुलगा मिशिगनमध्ये ट्रॉयला गाड्यांच्या कंपनीत लागला, आणि मुलाकडे जाऊन नातवंडं सांभाळायच्या वयात या बावन्नाव्या वर्षी इथे पीएच.डी. करायला आल्या. त्यांना काकू म्हणावं, मावशी म्हणावं, असं सगळ्यांना वाटे, पण पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "मावशी घरी. इथे मी सिस्टर." तेव्हापासून त्यांचा गाईडही त्यांना सिस्टरच म्हणायचा, जरा दबकूनच.

फोन करून कुणाकडे जायचं, ही अमेरिकन पद्धत त्यांना कधीच मान्य झाली नाही. "आधी कळवून गेलं तर घर आवरलेलं दिसतं. आवरलेलं घर बघून मला काय कळणार?" असं म्हणत त्या थेट दारात उभ्या राहायच्या, चप्पल काढायच्या आणि फ्रीज उघडायच्या. मी स्वतः याद्या करून जगणारी बाई; माझ्या मंगळवारच्या यादीत 'सिस्टर, अचानक' असं कुठे लिहू? पण आमच्या फ्रीजमधली चार दिवसांची उसळ त्यांनी माझ्यादेखत सिंकमध्ये ओतली तेव्हा मी भांडले नाही, कारण तिचा वास मलाही आला होता. पदवीची मुलं चौघांत एक फ्लॅट घेऊन राहायची, त्यांच्याकडे तर सिस्टरांची धाड ठरलेली. "सिस्टर, यार, प्लीज, परवा एक्झाम आहे," असं एकाने म्हणून बघितलं. "परीक्षा तुझी आहे, बुरशी सगळ्यांची आहे," असं म्हणून त्यांनी त्याच्याकडून ओटा पुसून घेतला.

मंजिरीच्या मुलीचं प्रकरण तर आमच्या कॉम्प्लेक्समध्ये अजून सांगतात. बाळ नीट पीत नाही म्हणून मंजिरीने दवाखान्यात फोन केला, तर अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनंतरची. सिस्टर भडकल्या. "तीन आठवडे? माझ्या तिथल्या गावात डॉक्टर नव्हता, पण बाळाचं वजन झाडाखाली त्याच दिवशी व्हायचं!" घरी जाऊन त्या झोळीचा काटा घेऊन आल्या, तो मंजिरीच्या कपड्यांच्या कपाटातल्या दांडीला अडकवला, नवऱ्याचे शर्ट बाजूला सारले आणि बाळाला झोळीत घातलं. बाळ शर्टांच्या मधोमध लटकत खदखदा हसत होतं आणि मंजिरी रडत होती. वजन ठीक निघालं. सिस्टरांनी मग बाळाला सोडून आईकडे मोर्चा वळवला. "तू शेवटची कधी जेवलीस?" मंजिरीला आठवेना. दुसऱ्या दिवसापासून कोणत्या घरातून तिला डबा जाणार, याची यादी मी केली. हुकूम अर्थातच सिस्टरांचा होता.

त्यांच्या संशोधनाचा विषय हाच होता. मलावीतल्या खेड्यांत अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं सगळं घरात कोण करतं, आणि जी करते तिच्याकडे कोण बघतं. उत्तर त्यांना निघायच्या आधीच माहीत होतं. पण विद्यापीठाला माहीत असून चालत नाही, सिद्ध व्हावं लागतं. प्रश्नावली झाली, ती संशोधनातल्या माणसांच्या हक्कांची काळजी घेणाऱ्या समितीने मंजूर केली. तिच्यात पहिलाच प्रश्न होता: एका छपराखाली किती माणसं राहतात? सिस्टर तिथे पोचल्या आणि पहिल्याच अंगणात तो प्रश्न कोलमडला. आई एका झोपडीत, मोठी मुलं दुसरीत, आजारी भाऊ तिसरीत. पण चूल एक आणि पातेलं एक. मग सिस्टरांनी छप्पर खोडून तिथे पातेलं लिहिलं, आणि एका पातेल्यातलं जेवणारी ती एका घरची, असं धरून गावंच्या गावं पालथी घातली. परत आल्यावर समितीने सांगितलं की मंजूर झालेला शब्द बदलला, सबब हे काम धरता येणार नाही.

त्या दिवशी त्या आमच्याकडे आल्या तेव्हा चप्पल काढायलाही विसरल्या. "अहो, बायका दोन-दोन तास बसल्या माझ्यासमोर. आजाऱ्याकडे पाठ फिरवून बसल्या. त्यांचा वेळ धरता येणार नाही? छपराला भूक लागते का?" गाईड म्हणाला होता, सिस्टर, नियम तुमच्या त्या बायकांच्या भल्यासाठीच आहेत. हे ऐकून मला स्वतःला इतका संताप आला की मी समितीला तीन पानी पत्र लिहायला घेतलं, मुद्दे क्रमांक घालून. सिस्टरांनी ते वाचलं, घडी घालून माझ्याच हातात दिलं आणि म्हणाल्या, "चांगलं आहे. पण मला रागवायला दुसरं कुणी लागत नाही." पातेलं रीतसर मंजूर करून घेऊन, दुखऱ्या गुडघ्यांनिशी, त्या पुन्हा गेल्या आणि त्याच बायकांना तेच प्रश्न विचारले. बायका हसल्या. "विसरलीस का गं, म्हातारी झालीस?" लाजून सिस्टरांनी त्यांना वचन दिलं: तुमच्या उत्तरांतून काय निघालं ते तुम्हाला आधी कळेल, आणि तुम्हीही मला एक प्रश्न विचारा, त्याचं उत्तर मी आणून देईन.

पदवी मिळाली. निष्कर्ष सांगण्यासाठी विद्यापीठाने त्यांना एका मोठ्या हॉटेलातल्या परिषदेला पाठवलं. मलावीला पाठवायची सोय कुठल्याच नियमात नव्हती, आणि डॉक्टरांनी गुडघ्यांमुळे प्रवासाला साफ नाही म्हटलं. तेवढ्यात कळलं की तिथली एक नर्स इथला अभ्यासक्रम संपवून मंगळवारी परत जाते आहे, ती सामान नेईल. बायकांना वाचता येत नव्हतं, म्हणून चित्रं. म्हणून ती चादर.

पाच तास आम्ही पातेली काढली. प्रत्येक पातेल्याभोवती जेवणारी माणसं, बाजूला आडवा आजारी, त्याच्यापाशी बसलेली बाई. आणि त्या बाईजवळ कुणी नाही, ही रिकामी जागा मुद्दाम मोठी ठेवायची, अशी सक्त ताकीद. मी एका बाईला हसरा चेहरा काढला तर सिस्टर ओरडल्या, "ही का हसते आहे? पुसा!" कापडावरचा मार्कर पुसला जात नाही. ती बाई हसतीच गेली.

उजव्या खालच्या कोपऱ्यात चौकोन आखलेला होता. "इथे तुमचं उत्तर," सिस्टर म्हणाल्या. "त्यांचा प्रश्न असा: तुमच्याकडच्या आजारी माणसांना कोण धुतं-पुसतं? तिचं नाव काय?" मंजिरीने माझ्याकडे बघितलं. मुलींनी मार्करची टोपणं लावली. माझी आई नागपूरला भावाकडे दोन वर्षं अंथरुणावर आहे, हे सिस्टरांना माहीत होतं. "एक बाई येतात," मी म्हटलं. "फार चांगल्या आहेत."

"नाव?"

आम्ही त्यांना बाई म्हणतो. पहिल्यांदाच सिस्टर माझ्यावर रागावल्या नाहीत. त्यांनी चादरीची घडी घातली आणि म्हणाल्या, "असू दे. चौकोन रिकामा गेला तरी चालेल. मागाहून पत्राने कळवा."

चादर पोचली. झाडाखाली टांगली, बायकांनी आपापलं पातेलं ओळखलं, असा निरोप आला. उन्हाळ्यात सिस्टर मुलाकडे ट्रॉयला गेल्या. आता आमच्या दाराची बेल कळवून आलेले लोकच वाजवतात, आणि फ्रीज मी माझी मीच तपासते. त्या दर रविवारी फोन करतात; माझ्या गुडघ्यांची चौकशी करतात, स्वतःच्या गुडघ्यांचं सांगत नाहीत. चौकोनाबद्दल एकदाही विचारलेलं नाही.

वहिनीला फोन लावून त्या बाईंचं नाव विचारायचं आहे. दोनदा लावला, दोन्ही वेळा आईशी बोलून ठेवला. तिकडे आईच्या मागे कुणीतरी बादली सरकवत होतं.