घाटात तापवून बघायला हवं

रशीद मिस्त्रीला गाडीचा आजार पाच मिनिटांत कळला होता. तिथंच त्यानं तोंड उघडलं असतं तर पुढची शोभा झाली नसती.

केरबाचं पन्हाळ्यावर झुणका-भाकरीचं दुकान. त्याची पिकअप जुनी, पण आटोमॅटिक. एका डॉक्टरकडून हौसेनं घेतलेली. चढ लागला की इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडी पुढं सरकायची नाही. दोन गॅरेजवाले गिअरबॉक्स खोलायला टपलेच होते. मग कुणीतरी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या रशीदचाचांचं नाव सांगितलं.

"गिअरबॉक्सचं तेल बघितलंसा?"

"रोज बघतोय की! कांडी भरून निघतीया."

"इंजिन बंद करून?"

"मग काय चालू ठिवून बघत्यात?"

झालं! ह्या गिअरबॉक्सचं तेल गाडी तापवून, इंजिन चालू ठेवूनच बघायचं असतं. बंद गाडीत तेल मोजायची कांडी खोटं बोलते. रशीदनं तसं बघितलं. कांडीच्या टोकाला जेमतेम ओल. तेल लालभडक, करपल्याचा वास नाही, म्हणजे आतलं सगळं शाबूत. एक पाइप ठिबकत होता, तो त्यानं आवळलासुद्धा. दीड लिटर तेल ओतलं की काम खल्लास.

पण केरबा पडला बोलका गडी. बायकोचं, म्हशीचं, दुकानात हुज्जत घालणाऱ्या गिऱ्हाइकांचं सांगता सांगता त्यानं विचारलं, "चाचा, तुमचं कसं चाललंय?" हे रशीदला शेवटचं कुणी विचारलं होतं, अल्ला जाणे. बायको बिबीजान दोन महिन्यांसाठी म्हणून पुण्याला लेकाकडं गेली, ती नातीपायी तिथंच रमली. दोन वर्षं झाली. संध्याकाळी कुलूप काढलं की घर खायला उठायचं.

"घाटात तापवून बघायला हवं," तो बोलून गेला. तेलाचा डबा मात्र गुपचूप पिशवीत टाकला. तेवढी लाज शिल्लक होती.

रस्ताभर दोघं बोलत होते. कित्येक महिन्यांनी रशीद पोट धरून हसला.

पन्हाळ्याच्या वाटेवरचं वाघबीळ ओलांडलं, चढ लागला आणि इंजिन बोंबललं. गाडी मागं सरकायला लागली. केरबाचं तोंड पांढरंफटक. "जळलं वाटतं सगळं, चाचा! आता दुकान कसं चालवू?"

आणखी थोडं रेटलं असतं तर चांगला गिअरबॉक्स रशीदच्याच हातानं जळाला असता. चाळीस वर्षं इमानानं काम केलं आणि म्हातारपणी ही अवदसा आठवली! त्यानं गाडी कडेला घ्यायला लावली, नरसाळं लावून तेल ओतलं. गाडी मुकाट्यानं चढ चढली.

केरबा खूश झाला. मग त्याची नजर डब्यावर गेली.

"तेल संगंच आणलंतासा? म्हंजे आधीच ठावं हुतं तुमास्नी?"

"व्हय. गॅरेजातच कळलं हुतं."

"मग हितवर कशाला आणलंसा? वाटुळं झालं असतं की माझं!"

"घरात बोलाय कोण न्हाय, केरबा."

"मग सरळ चहाला या म्हणायचं. आलो असतो की!"

"धा जणांस्नी म्हटलं असंल. समदी 'येतो' म्हणत्यात. गाडी बिघडल्याबिगर माझ्या दारात कोण येत न्हाय."

केरबानं गाडी वळवली. एवढा बोलका गडी, पण कोल्हापूर येईपर्यंत त्यानं रेडिओ लावून ठेवला.

गॅरेजपाशी रशीद उतरला, दार नीट लावलं आणि खिडकीतून म्हणाला, "आता गाडी काय तरास न्हाय द्यायची. वरीसभर तरी हिकडं यायला लागायचं न्हाय तुमाला."