उतरायला एक दगड

लग्नात सासऱ्यांनी मला सायकल दिली, तेव्हा मला ती चालवता येत नव्हती. भर मांडवात हे सांगणं बरं दिसेना, म्हणून मी हँडलला हार घातला, घंटी दोनदा वाजवली आणि वरात निघाल्यावर सायकल हातात धरून चालू लागलो. "नवी आहे, धुळीत कशाला," असं मी दोघा-तिघांना सांगितलं. सासऱ्यांना सांगायची वेळ आली नाही. ते पलटणीतून हवालदार होऊन परतलेले. माणूस कुठे लपलाय हे त्यांना न विचारता कळत असे.

गावच्या वेशीवर ते मला म्हणाले, "जावईबापू, औंदा भादवा अधिक हाय. धोंड्याचं जेवायला सायकलीवर बसून या. ढकलत आणली, तर हितंच ठिऊन जायची."

सगळे हसले. सासऱ्यांच्या मिशा मात्र हसल्या नाहीत. तेव्हा मी ओळखलं, सायकल अजून माझी झालेली नाही.

मी दापोडीला एका वर्कशॉपात कारकून होतो. रेल्वेच्या कडेला, चाळीमागे, एक दगडी धक्का होता. त्यावर एक पाय टेकवून मी सीटवर बसायचो, रेटा द्यायचो, वर्कशॉपच्या भिंतीपर्यंत जायचो आणि भिंतीला हात लावून थांबायचो. परतताना भिंतीपासून धक्क्यापर्यंत. महिन्याभरात मी इतका सफाईदार झालो की एक हात सोडून सलामही करू लागलो. आपण फक्त धक्का आणि भिंत यांच्यामध्येच सायकलपटू आहोत, हे माझ्या लक्षात आलं नाही. ते आलं निघायच्या आदल्या दिवशी, बायकोने विचारल्यावर.

"मोकळ्या रानात उतरणार कसं?"

मी करून दाखवलं. उजवा पाय मागून फिरवायचा, तो फिरेना. सायकल एका बाजूला, मी दुसऱ्या. तिने पदर तोंडाला लावला. हसू दाबायला लावला होता, पण खांदे हलत होते.

"वाटंत दगड लई हायत," ती म्हणाली. "दगडा-दगडानं जाऊ."

असा आमचा बेत ठरला. पहाटे धक्क्यावरून चढलो. ती कॅरिअरवर एका अंगाला बसली, बैलगाडीच्या साट्यावर बसावं तशी निवांत, मांडीवर लुगड्याचं बोचकं. ऊन-पावसाचा खेळ चालला होता आणि नाशिकचा रस्ता नुसत्या खडीचा. चाकाखालून खडे उडत आणि मागून ती सांगत राही, "ह्यो तुमच्याच पायाला लागला. ह्यो म्हशीला."

पहिला थांबा भोसरी. तिथे वाटेच्या कडेला वीरगळ उभे होते, एकावर एक चित्रं कोरलेले शिळांचे खांब. मी नेम धरून एका वीरगळाकडे चाक वळवलं आणि पाय उचलला.

"अवो, देवाला पाय लावताय?"

पाय हवेतच राहिला. पुढे लिंबाचा पार होता म्हणून बचावलो. पाराला टेकून मी श्वास घेतला आणि मग, उतरलोच आहोत तर, ती शिळा नीट पाहिली. खाली गाई आणि गाईंसाठी लढणारा वीर. मधे तोच वीर, मेलेला, त्याला वर नेणाऱ्या अप्सरा. सगळ्यात वर तो महादेवाच्या पिंडीपुढे हात जोडून बसलेला आणि त्याच्यावर चंद्र-सूर्य.

बायको बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, "ह्याला चढवायला एवढ्या अप्सरा. तुमाला मी एकटीच."

खरं सांगतो, शाळेत इतिहासाच्या तासाला मी खिडकीतून बाहेर पाहणारा विद्यार्थी. त्या दिवशी मात्र जुनं बांधकाम दिसलं की माझा जीव भांड्यात पडे. मोशीला इंद्रायणीच्या पुलाचा कठडा मिळाला. खाली नदी गढूळ आणि भरलेली, दोन्ही तीरांवर बाजरी कमरेएवढी, आणि एक शेतकरी आमच्याकडे पाहून औत थांबवून उभा. "पाव्हणं कुठलं?" त्याने विचारलं. बायकोने माहेरचं गाव सांगितलं. "मग आमचंच की जावई," म्हणत त्याने दोन काकड्या दिल्या. मी कठडा न सोडता त्या घेतल्या. माझ्या या अदबीचं त्याला कौतुक वाटलं असावं.

चाकणला आम्ही भुईकोटाच्या खंदकाशी थांबलो. खंदकात बाभळी माजल्या होत्या, तटावर शेळ्या चरत होत्या. एक बुरूज ढासळलेला. त्यातला एक घडीव चिरा वाटेवर येऊन पडलेला, उंची बरोबर माझ्या गुडघ्याएवढी. त्यावर पाय टेकला आणि वाटलं, चाळीमागच्या धक्क्यापेक्षाही हा चांगला.

"ह्यो बुरूज मोगलांनी सुरुंगानं उडवला," बायको म्हणाली. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट ती घरातल्या भांडणासारखी सांगे. "आत मूठभर माणसं. तरी दोन महिनं आत येऊ दिलं न्हाई."

म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी एवढी दारू उडाली आणि हा दगड नेमका इथे पडला. काही माणसांची सोय देव फार आधी करून ठेवतो.

चाकणनंतर खडीही संपली. पश्चिमेला भामचंद्राच्या डोंगराकडे बैलगाडीची वाट निघते, ती आम्ही धरली. लाल मुरूम, मधे गवत, दोन्हीकडे चाकोऱ्या. चाक एकदा चाकोरीत उतरलं की ती नेईल तिकडे जायचं, आपण फक्त घंटी वाजवायची. भुईमुगाची शेतं गेली, मग करवंदीच्या जाळ्या आल्या, मग पळसाचं आणि ऐनाचं रान दोन्ही बाजूंनी इतकं जवळ आलं की पानांवरचं पाणी आमच्यावर शिंपडू लागलं. उतार होता. मी पाय चालवायचे सोडले. मागे ती गुणगुणायला लागली आणि मला वाटलं, ही वाट अशीच दिल्लीपर्यंत जावी. तिथेही काहीतरी दगड असेलच.

डोंगराच्या पायथ्याशी, लेण्याकडे जाणाऱ्या पहिल्या पायरीवर आम्ही शेवटचे थांबलो. वर कपारीत साधूसंतांनी ध्यान केलेली गुहा दिसत होती. समोर, दोन शेतांपलीकडे, सासुरवाडीचं कौलारू घर.

"तुमच्या अंगणात उतरायला काय आहे?" मी विचारलं.

"सारवलेलं अंगण हाय. मधे तुळस."

"तुळशीचा ओटा?"

तिने तिथूनच तुळशीच्या दिशेने हात जोडले. मी विषय बदलला.

असं ठरलं की अंगणात शिरताच तिने उडी मारायची आणि मागून कॅरिअर घट्ट धरायचं. लोकांना वाटेल, सामान काढतेय. बेत उत्तम होता. त्यात एकच गोष्ट धरली नव्हती: माहेरवाशीण चार महिन्यांनी आल्यावर तिच्या चुलत्या, मावश्या आणि मैत्रिणी काय करतात. दारातच तिने उडी मारली आणि सहा बायकांनी तिला उचलून नेल्यासारखं नेलं.

मी एकटा अंगणात शिरलो. ओसरीवर पागोटी बसलेली. उंबऱ्याशी सासूबाई, हातात पाण्याचा तांब्या आणि ओवाळायचा भाकरतुकडा. अंगणाच्या कडेला सासरे, हात मागे बांधून.

"वा," सासरे म्हणाले. "बसून आलं. आता उतरा."

मी हसलो आणि तुळशीला वळसा घालून परत त्यांच्यासमोरून गेलो. ओसरीवरून कौतुकाचा आवाज आला. दुसऱ्या वळशाला थोडा कमी आला. तिसऱ्या वळशाला कुणीतरी विचारलं, "पाव्हणं थांबत का न्हाईत?" चौथ्याला मी सासऱ्यांच्या मिशा पाहिल्या आणि सायकल गोठ्यात बांधलेली मला स्पष्ट दिसली.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून माझी बायको पुढे आली. डोक्यावरचा पदर सारखा केला, हात जोडले आणि शांतपणे म्हणाली, "आई, त्यांचा नेम हाय. अधिकात तुळशीला तेहतीस प्रदक्षिणा. त्याबिगर जमिनीला पाय लावायचा न्हाई. चार झाल्या."

सासूबाईंनी तांब्या खाली ठेवला आणि हात जोडले. ओसरीवरची पागोटी उभी राहिली. मग सगळं अंगण मोजू लागलं. पाच. सहा. दहाव्याला माझे पाय भरून आले, विसाव्याला तुळस माझ्याभोवती फिरू लागली. बायको दर खेपेला मोठ्याने आकडा सांगत होती आणि तिचे खांदे हलत होते.

तेहतिसावी संपत आली तेव्हा सासरे पुढे झाले. बुजलेल्या बैलाची वेसण धरावी तसं त्यांनी दोन्ही हातांनी हँडल धरलं. सायकल जागच्या जागी थांबली आणि मी जमिनीवर आलो. ओवाळणी होईपर्यंत त्यांनी हँडल सोडलं नाही. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पलटणीत मलाबी उतरताना झाड लागायचं. धा म्हैनं त्येच झाड." आणि सायकल माझ्या हातात दिली.

सासूबाईंचे डोळे मात्र भरून आले होते. असा देवभोळा जावई पंचक्रोशीत नाही, असं त्या दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या. मला लाज वाटली. प्रायश्चित्त म्हणून मी ताटातले सगळे धोंडे संपवले आणि वर अनारसे खाल्ले.

तीन वर्षांनी पुन्हा अधिक आला. तोवर मी चालत्या सायकलवरून टांग टाकून उतरायला शिकलो होतो आणि ते दाखवायला उतावीळ झालो होतो. अंगणात शिरलो तर अंगण ताजं सारवलेलं, तुळशीभोवती रांगोळीचं मोठं वर्तुळ, आणि निम्मा गाव मोजायला बसलेला. सासूबाई हात जोडून उभ्या. सासऱ्यांनी मला पाहिलं आणि मिशीत पहिल्यांदाच हसले.

मी टांग परत आत घेतली आणि फिरू लागलो. बायको दारात उभी राहून मोजत होती. एकोणीस तिने दोनदा म्हटलं, हे मी शपथेवर सांगतो.