धुतलेला वायसर

ताईचा स्टोव्ह मी धुतला. नुसता पुसला असता तर निभावलं असतं. पण मला कामाचा उमाळा क्वचित येतो आणि आला की आवरत नाही. पंपाच्या दांड्याला चामड्याची एक काळी, तेलकट टोपी होती. ती साबणाच्या पाण्यात खसाखसा घासली आणि खिडकीत उन्हाला ठेवली. डबीत तिची जोडीदारीण सापडली, तिलाही आंघोळ घातली. वाळल्यावर एक दांड्यावर बसवली, दुसरी डबीत परत ठेवली.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. डोंगरमाथ्यावरच्या दगडी चौकीत बर्फाची उंची मोजण्यात तिचे बावीस हिवाळे गेले, आणि ते सगळे याच पितळी, रॉकेलच्या प्रवासी स्टोव्हवर. दर आठवड्याला ती निपलला पिन मारायची, रॉकेल फडक्यातून गाळायची, आणि ती टोपी, म्हणजे वायसर, तेलाचा थेंब लावून अंगठ्याने मऊ करायची. भाऊजी म्हणायचे, "माझी तब्येत विचारायची राहील एखादे वेळी, पण त्याचा वायसर सुकायचा नाही."

मी स्टोव्ह धुतला त्याच दुपारी हे भाऊजी चौकीजवळच्या गोठलेल्या पाणसाठ्यावरचा बर्फ फुटून कमरेपर्यंत पाण्यात गेले.

ताईने त्यांना ओढत आणलं, ओले कपडे काढले, घरातली सगळी पांघरुणं घातली. ओठ निळे, दात कडकड वाजताहेत. "गरम पाणी," ती म्हणाली, आणि स्टोव्हला पंप मारला. फुस्स. पुन्हा मारला. फुस्स. तिने दांडा बाहेर काढला. वायसर वाळक्या सालीसारखा उभा चिरला होता. डबीतला दुसरा बोटांत वाकवताच मोडला.

"हे कोणी केलं?"

चौकीत आम्ही तिघंच. त्यातले एक थरथरत होते.

"धुतले मी," म्हणालो. "जरा कळकट..."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं. दुसरी चूल नाही, झाडं दोन हजार फूट खाली, खाटा लोखंडी. खोलीत जळण्यासारख्या फक्त तिच्या बावीस नोंदवह्या, आणि त्यांच्यावर कितीसं पाणी तापणार? तिने माझ्या पायांकडे पाहिलं. "काढ."

"काय?"

"बूट!"

बूट नवेकोरे होते, खास ताईकडे चार दिवस राहायला यायचं म्हणून घेतलेले. तिने बंदाखालची चामड्याची जीभ कात्रीने कापली, वर नाणं ठेवून गोल आखला. "त्यांच्याशी बोलत राहा. झोपू देऊ नकोस."

"भाऊजी, लग्नाला किती वर्षं झाली?"

"कोणाच्या?"

एरवी मी पोट धरून हसलो असतो. ताईची कात्री थांबली, मग दुप्पट वेगाने चालू लागली. भाऊजींची थरथर कमी होत चालली होती. मला वाटलं, चला, ऊब आली. "थरथर थांबते आहे," मी सांगितलं.

"ते वाईट," ती एवढंच म्हणाली.

चकती तयार झाली. माझ्या डोक्याला लावायचं तेल तिने त्यात मुरवलं, अंगठ्याने दाबून दाबून वाटीसारखा खोलगट आकार दिला, दांड्यावर बसवली. खिडकी चार बोटं उघडली. स्पिरिटचा काकडा बर्नरला लावला आणि तो तापेपर्यंत डोळे मिटून आकडे मोजले. मग पंप. फुस्स. थोडं आणखी तेल. दुसरा दाब... तिसरा... आणि तिचा हात अडला. वायसरने हवा धरली होती! बर्नर गुरगुरला, पिवळी ज्योत दोनदा उसळली आणि निळी झाली.

पाणी तापलं. बाटल्या भरून, फडक्यात गुंडाळून तिने भाऊजींच्या काखेत आणि छातीशी ठेवल्या. मग साखरपाणी, चमच्याचमच्याने. बऱ्याच वेळाने ते पुन्हा थरथरू लागले, तेव्हा ताई पहिल्यांदा खाली बसली.

"सव्वीस," भाऊजी पुटपुटले. "लग्नाला. सव्वीस."

ताईने तोंड भिंतीकडे फिरवलं. खांदे हलत होते. एका पायात बूट, एका पायात नुसता मोजा, असा मी जवळ गेलो.

"ताई, चुकलं माझं. आता या स्टोव्हची देखभाल शिकव मला. काय काय करायचं असतं?"

तिने नाक पुसलं.

"आधी हात न लावायला शीक."