धरणावरची आमची सहल

नववीतल्या लेकीची मराठीची उजळणी घेणं हे आमच्या पुण्याजवळच्या सूसच्या फ्लॅटमधलं माझं रविवारचं काम. यमक कशाला म्हणतात, कडवं म्हणजे काय, कवितेची मध्यवर्ती कल्पना कशी शोधायची, सगळं ती पिझ्झाची ऑर्डर दिल्यासारखं धडाधड सांगते. परवा वर्णनात्मक निबंधाच्या सरावाला तिनं 'आमची सहल' हा विषय घेतला आणि वाचून दाखवायला लागली, "गेल्या महिन्यात आम्ही मुळशीला सहलीला गेलो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुळशी माझं माहेर. ते गाव तिला आपलं वाटावं म्हणून मी तिला दर सुट्टीत तिकडे ओढून नेते, आणि ही सहलीला जाऊन आली!

"अगं, मामाच्या घरी गेलो होतो आपण."

"हो, पण धरणाचा लेक बघितला, भजी खाल्ली, फोटो काढले. मग सहलच ना?"

हाच विषय आम्हालाही होता, सातवीत. वह्या तपासताना गुरुजींनी कपाळावर हात मारला. आमच्यातलं कुणीच कधी कुठं गेलेलं नव्हतं. सहल म्हणजे पुण्याहून बस भरून येते ती, असं आम्ही धरूनच चाललो होतो. 'सहल आली की आम्हाला आनंद होतो. आम्ही कणसं सोलतो. सहल गेली की आम्ही कागद उचलतो.' थोड्याफार फरकानं सगळ्या वर्गानं हेच लिहिलं होतं.

"आरं, सहलीला आपुन जायचं असतं," गुरुजी म्हणाले.

"आमी कुटं जायचं गुरुजी? समदी तर हितंच येत्यात," माझी मैत्रीण बोलून गेली.

लांब कुठं न्यायची शाळेची ऐपत नव्हती. शनिवारी शाळा सुटल्यावर गुरुजींनी आम्हाला रांगेनं नेलं ते धरणाकडेच, पुण्याची माणसं बसायची त्या कठड्यावर. "आज तुमी पाव्हणं. नीट बगा आन् दिसंल ते लिवा."

पाणी रोजचंच, भातखाचरंही रोजचीच. पण आमच्या घरांची कौलं मी पहिल्यांदाच इतक्या लांबून पाहिली. रस्त्याकडेला आई शेगडीवर कणसं भाजत बसली होती. तिनं मला ओळखच दाखवली नाही. गिऱ्हाइकाला विचारायची तसं अदबीनं विचारलं, "मीठ-लिंबू जास्ती लावू का, ताई?" आणि पदर तोंडाला लावून हसली. तसं कणीस मी पुन्हा कधी खाल्लं नाही. आई जाऊन बरीच वर्षं झाली.

हे सगळं लेकीला सांगितलं. ती खूप हसली. "आजी कसली भारी होती!" म्हणाली. माझा राग निवळला, तरी मार्क दिले दहापैकी नऊच.

"एक का कापलास?"

मी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. 'संध्याकाळी दमूनभागून आम्ही आमच्या घरी आलो.'

"मुळशीचं घरही आपलंच आहे. ते तुझ्या निबंधात कुठं दिसतच नाही."

"पण आई, निघताना मामाच्या अंगणात तूच म्हणालीस ना, 'चला चला, पिरंगुटला गाड्या अडकायच्या आत आपल्या घरी पोचू.' मी तेच लिहिलं."

वहिनी तेव्हा आमच्यासाठी तांदळाची पिशवी घेऊन दारातच उभी होती. तिनंही ते ऐकलं असणार.

मी पेन उचललं आणि कापलेला मार्क देऊन टाकला.