न बोलणारी बॅग

बॅग पाठीवर चढवली की महारुद्र जागच्या जागी तीन उड्या मारी आणि मान वाकडी करून ऐके. आतल्या बाटल्या किणकिणल्या तर बॅग उतरवून पुन्हा भरी. “पिशवी बोलली न्हाई पायजे, दादा,” असं मला सांगे. मग नेकनूरच्या रस्त्याला लागे. सात किलोमीटर पळत जायचं, तिथल्या दूध शीतकरण केंद्रात काम करायचं आणि संध्याकाळी पळतच परतायचं. पोलीस भरतीत त्याची उंची कमी भरली होती. “भरती हुकली, पळणं ऱ्हायलं,” असं म्हणून तो हसे.

मी आमच्या गावच्या दूध संस्थेचा सचिव होतो. सकाळी दूध जमा झालं की प्रत्येकाच्या दुधाचा नमुना महारुद्र लहान बाटलीत भरी आणि पाठीवरून केंद्रात नेई. कॅन नेणाऱ्या जीपमध्ये त्या बाटल्या फुटत. केंद्रात दुधाची फॅट निघे, आणि तिथून आलेल्या आकड्यावर आम्ही कुणी शंका घेत नसू.

पावसाने सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली तेव्हाची ही गोष्ट. म्हशी आटत चालल्या होत्या. संस्थेने बाहेरून चारा आणला होता, पण तो फक्त दूध घालणाऱ्या सभासदांना मिळे. त्याच दिवसांत सोजरबाईंच्या दुधाची फॅट घसरू लागली. त्यांच्याकडे एकच म्हैस, दूध जेमतेम लिटरभर. दुधात पाणी नव्हतं, फॅट मात्र कमी. म्हणजे बाई साय काढून दूध घालते, असा अर्थ सगळ्यांनी काढला. अध्यक्ष बप्पांनी मला त्यांचं सभासदत्व रद्द करण्याचा ठराव लिहायला सांगितला. सभासदत्व गेलं की चारा बंद, आणि चारा बंद झाला की आठ दिवसांत म्हैस बाजारात, हे मला कळत होतं. तरी मी ठराव लिहिला. माझं अक्षर चांगलं होतं.

सभा शाळेच्या व्हरांड्यात होती. ठराव वाचायला मी उभा राहिलो, तेवढ्यात महारुद्र धापा टाकत आला. हातात रिकामी बाटली आणि तिचं बूच. दुपारी बाटल्या धुताना सोजरबाईंच्या बुचाला आतून पांढरे तुपकट कण चिकटलेले त्याला दिसले होते. त्यांचं दूध कमी, म्हणून नमुन्यापुरतंही जास्त जाऊ नये, असा विचार करून तो त्यांची बाटली अर्धीच भरत असे. हे त्यानं मला सांगितलं नव्हतं. भरलेल्या बाटलीत दूध हलत नाही. अर्ध्या बाटलीत ते सात किलोमीटर हिंदकळत जाई.

“मावशीनं साय काढली न्हाई, बप्पा,” तो म्हणाला. “माझ्या पाठीनं लोणी काढलंय.”

कुणीतरी हसलं. बप्पा हसले नाहीत. “अन् तसं न्हाई निघालं तर?”

“तर मावशीसंगं मलाबी काढा.”

सोजरबाईंच्या म्हशीचं संध्याकाळचं दूध आणवलं. दोन बाटल्या अर्ध्या भरल्या. एक माझ्या हातात दिली, दुसरी महारुद्रने बॅगेत टाकली. अर्ध्या वाटेवरच्या पुलापर्यंत जाऊन तो परत येणार होता, म्हणजे पल्ला तेवढाच झाला असता. त्या दिवशी त्यानं उड्या मारल्या नाहीत.

वाट पाहताना “पळून गेला का काय बे,” असं एकजण पुटपुटला. सोजरबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“कागद लिवून झालाय का?”

मी हो म्हणालो. त्यांनी मान हलवली. हातातली बाटली मी आणखीच घट्ट धरली.

महारुद्र आला तेव्हा त्याचा सदरा अंगाला चिकटला होता. बप्पांनी दोन्ही बुचं स्वतः काढली. माझं बूच नुसतंच ओलं होतं. त्याच्या बुचाला बारीक पांढरे कण होते. बप्पांनी एक कण नखावर घेतला, बोटांत चोळला, हुंगला.

“लोणीच हाय,” ते म्हणाले. सोजरबाईंकडे पाहायचं त्यांनी टाळलं, आणि मीही. त्या उठल्या. “चारा न्यायला सकाळी येते,” एवढंच म्हणून निघून गेल्या.

पुढे सगळ्या बाटल्या काठोकाठ भरायचं ठरलं. तरी महारुद्रचं समाधान होईना. जुनी बॅग खांद्याला सैल होती आणि प्रत्येक पावलाला कमरेवर आपटे. बाजारच्या दिवशी तो मला घेऊन नेकनूरला शिवलिंगअप्पांच्या बॅगांच्या दुकानात गेला. प्रत्येक बॅगेत अर्ध्या दुधाची बाटली ठेवायची, रस्त्याच्या टोकापर्यंत पळायचं, परत येऊन बूच बघायचं. रुंद पट्ट्याची बॅग पाठ सोडून उडे, मोठीत बाटली गडगडे. सहावी बॅग परत आली तेव्हा अप्पा म्हणाले, “महारुद्रा, पोरीला जावई बघताना म्या एवढं बघितलं न्हाई.”

शेवटी पसंत पडली ती शाळकरी मुलीची लहानशी गुलाबी बॅग, वर फुलपाखरू. ती खांद्यांच्या मधोमध घट्ट बसे. छातीवरून बांधायला त्यानं घरच्या खाटेची नवार कापून शिवली. रस्त्यात पोरं फुलपाखराला हसत. “दुनिया चित्र बघंल, आपुन बूच बघावं,” असं म्हणत तो बरीच वर्षं ती बॅग घेऊन पळत राहिला.

गेल्या उन्हाळ्यात कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत तो गेला. त्याच्या बायकोने बॅग बाटल्यांसकट संस्थेत आणून दिली. बाटल्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून त्याने मध्ये एक जाड घडी घातलेली होती. दुधाने ती कडक झाली होती. उघडली तर आत माझं अक्षर दिसलं. सोजरबाईंचा ठराव. त्या संध्याकाळी मी तो व्हरांड्यातच टाकून आलो होतो. त्यानं तो केव्हा उचलला, मला माहीत नाही. एवढी वर्षं तो कागद त्याच्या पाठीवर होता, आणि मला तो एका शब्दानं बोलला नाही.

मी कागदाची पुन्हा तशीच घडी केली, बाटल्यांच्या मध्ये ठेवली, बॅग पाठीवर घेऊन नवार बांधली. मग या वयात, दार लावून, तीन उड्या मारल्या आणि मान वाकडी करून ऐकलं.

आवाज आला नाही.