चष्म्याच्या डबीतला पेनड्राइव्ह

भाईंदर पूर्वेला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे काका दर रविवारी सकाळी चष्म्याच्या डबीत पेनड्राइव्ह घेऊन यायचे. परदेशातले कुणी शास्त्रज्ञ नवी औषधं शोधण्यासाठी एक अवाढव्य गणित तुकड्या-तुकड्यांनी लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरवर फुकटात सोडवून घेत. तुकडे नेटवरून येत. काकांकडे भंगारातून आणलेले तीन कॉम्प्युटर होते, नेट नव्हतं. नेट माझ्याकडे होतं, त्यामुळे मानवजातीच्या कल्याणात माझाही रविवार जायचा.

"काय आहे ना, सुटलेलं पाठव आणि नवीन भरून दे," एवढंच ते म्हणायचे. चहा नको, गप्पा नकोत. त्यांच्या घरी टेबलफॅन कॉम्प्युटरकडे तोंड करून असे आणि काकू वर्तमानपत्राने वारा घेत. सोसायटीच्या मीटिंगला काका कधी आले नाहीत. तीन कॉम्प्युटर चालू टाकून माणूस तासभर खाली बसणार कसा?

एका रविवारी स्क्रीनवर प्रकल्पाचं प्रशस्तिपत्र उघडलं. त्यावर माझं नाव होतं. खातं उघडताना मी सवयीने माझंच टाकलं होतं, आणि सगळ्यात जास्त तुकडे सोडवणाऱ्यांच्या यादीत ते वर चढताना बघून बरं वाटत होतं, म्हणून दोन वर्षं बोललो नव्हतो.

काकांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. मी काहीतरी पुटपुटलो.

"काय आहे ना," ते म्हणाले, "सगळं पोचलंय ना? मग नवीन भर."

प्रशस्तिपत्र मी ऑफिसात टेबलासमोर लावलंय. कुणी विचारलं तर "छोटंसं योगदान" असं नम्रपणे सांगतो. काकांनी त्याची झेरॉक्ससुद्धा मागितली नाही, त्यामुळे द्यायचा प्रश्नच आला नाही.